वाकड्या फरशीवर फिश टँक: उतार चालतो, पीळ चालत नाही

नवीन टाकी घरी येते, स्टँडवर चढते, पाणी भरतो, आणि मग लांबून बघितलं की वरची पाण्याची रेघ तिरकी दिसते, डावीकडे काठापासून एक इंच खाली आणि उजवीकडे अर्धाच इंच. घरातलं कुणीतरी लगेच पेपरची घडी करून एका पायाखाली सारतं, रेघ जरा सरळ झाली की सगळे खूश. पण ती रेघ तुम्हाला फक्त उतार सांगते. टाकी फुटते ती बहुतेक वेळा उताराने नाही, पिळाने फुटते, आणि पीळ त्या रेघेत दिसतच नाही. उलट रेघ सरळ करायला म्हणून एकाच पायाखाली पुठ्ठा सारला की चांगल्या बसलेल्या टाकीला आपणच पीळ देतो. म्हणून आधी हे दोन प्रकार वेगळे समजून घेऊ, बाकी काम मग सोपं आहे.

उतार म्हणजे अख्खी टाकी एका बाजूला कललेली, पण चारही कोपरे एकाच सपाटीत आहेत. पीळ म्हणजे तीन कोपरे एका सपाटीत आणि चौथा वर किंवा खाली. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात, चौथा लटकतो, चार पायांचं टेबल डुगडुगतं ते यामुळेच. रिकाम्या टेबलाचं काही बिघडत नाही. पण स्टँडवर तीन-साडेतीनशे किलो आले की लटकलेला पाय खाली दबतो, स्टँडची वरची फ्रेम पिळली जाते, आणि तिच्याबरोबर काचेच्या तळाला पिळावं लागतं. लोखंड पिळतं, लाकूडही थोडं पिळतं, काच पिळत नाही. ती जोर साठवत राहते आणि कडेला कुठे बारीक टवका उडालेला असेल तर तिथून चीर सुरू होते. नाहीतर खालच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन ताणलं जाऊन थेंब थेंब गळायला लागतं. हे पहिल्या दिवशीच होईल असं नाही, आठवड्यांनी होतं, कधी महिन्यांनी, आणि तोपर्यंत आपण दुकानदाराला शिव्या घालायला मोकळे.

उताराचा हिशोब तुलनेत साधा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्या. काठोकाठ भरली तर समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा साधारण १२५ किलोच्या आसपास येतो. आता टाकी लांबीत ५ मिलिमीटर कललेली असेल तर खोल बाजूला पाणी ५ मिलिमीटर जास्त, म्हणजे ४५७ मिलिमीटरमध्ये ५, तळाशी दाब १ टक्क्याने वाढला. ठीकठाक बनवलेल्या टाकीला एवढ्याने काही होत नाही. वाईट दिसतं एवढंच, आणि वरून काळी पट्टी लावली की तेही दिसत नाही. पुढे-मागे उतार असेल तर मात्र मी जास्त कडक असतो, कारण रुंदी कमी, स्टँडसकट उंची जास्त, आणि लहान पोरं समोरच्या काचेलाच लोंबकळतात. माझा हिशोब असा: लांबीत ३-४ मिलिमीटर चालवून घेतो, पुढे-मागे २, आणि तेसुद्धा भिंतीकडे झुकलेलं, खोलीकडे नाही. पिळात सूट नाही.

आता आपल्याकडची फरशी. बाहेरच्या माणसाला वाटतं गवंड्याने काम वाकडं केलंय, पण उतार बऱ्याचदा मुद्दाम दिलेला असतो, घर धुतलं की पाणी दाराकडे नाहीतर मोरीकडे पळालं पाहिजे. गवंड्याला विचारलं तर तो म्हणेल, "भाऊ, उतार नसता दिला तं पानी मोरीत कसं गेलं असतं?" बरोबरच आहे त्याचं. पण १०० ला १ एवढा उतार धरला तरी ४ फुटात १२ मिलिमीटर होतात, आणि खोलीला दोन बाजूंनी उतार असेल, म्हणजे थोडा दाराकडे थोडा मोरीकडे, तर त्या दोन उतारांच्या सांध्यावर ठेवलेल्या स्टँडला पीळ हमखास बसतो. शहाबादी फरशी असेल तर फरशी स्वतःच खालीवर, प्रत्येक दगडाची पाठ वेगळी. कोटा जरा बरा. व्हिट्रिफाइड टाइल दिसायला आरसा, पण दोन टाइलच्या सांध्यात १-२ मिलिमीटरची पायरी असतेच, बोट फिरवलं की कळतं.

दुसरी भानगड खालच्या मातीची. तापीकाठ घ्या, रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, सगळी काळी जमीन, केळी-कापसाला सोन्यासारखी आणि घराला वैताग. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. नीट पाया घेतलेल्या घरात जोत्यात मुरूम भरून धुम्मसाने ठोकून घट्ट केलेला असतो, तरी भराव कुठेतरी कच्चा राहतो, भिंतीलगत तर जास्तच, कारण तिथे धुम्मस नीट पोचत नाही. आणि आपण टाकी ठेवतो ती भिंतीलगतच. म्हणून जागा ठरवायच्या आधी एक रुपयाचं नाणं घेऊन जिथे पाय येणार तिथल्या टाइलवर ठकठक करून बघा. भरीव टाइलचा आवाज बद्द येतो, पोकळ टाइल खणखणते. पोकळ टाइलवर पाय आला की ती आज ना उद्या तडकणार आणि त्या दिवशी तो कोपरा एकदम खाली बसणार. जागा हलवा, हलवता येत नसेल तर ती एक टाइल काढून नीट माल भरून परत बसवा.

वजनाचं गणित पण करून टाकू, लोकं इथे फार अंदाजपंचे बोलतात. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकार करा, त्याला २८.३ ने गुणा, लिटर आले, आणि १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. वरच्या टाकीचे ९ घनफूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. १० मिलिमीटर काचेची असेल तर काचेचे ५० किलोच्या वर, दोन इंच खडी, लोखंडी स्टँड, सगळं धरून साडेतीनशे ते पावणेचारशे किलो. पाच धडधाकट माणसं ६ चौरस फुटात खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि वर्षानुवर्षं हलतच नाहीत, असं समजा.

तळमजल्यावर याची स्लॅबची काळजी नाही, भरावाची आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबचा विचार करावा लागतो. घरातल्या खोल्यांसाठी आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरातला भार धरतात. आपली टाकी तिच्या पायाखालच्या जागेवर साडेसहाशे किलोच्या घरात जाते. आकडा ऐकून घाबरू नका, तो भार अख्ख्या खोलीभर धरलेला असतो आणि बाकी खोली काही गच्च भरलेली नसते. पण टाकी खोलीच्या मधोमध किंवा बाहेर काढलेल्या गॅलरीत नको, जिच्या खाली भिंत किंवा बीम आहे अशा भिंतीला लांबी लावून ठेवा. ४ फुटाच्या पुढे जायचं असेल तर सिव्हिलवाल्याला एकदा घर दाखवा, चहा पाजून काम होतं. आणि अमळनेर, पारोळ्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात, लाकडी तुळयांवरच्या माडीवर मोठी टाकी नकोच. तुळई वाकते, चालताना पाटणी हलते, पीळ रोजच्या रोज बदलतो. छोटी २ फुटी ठेवायची असेल तर तिथेही भिंतीजवळ आणि तुळयांना आडवी, म्हणजे वजन एकाच तुळईवर न पडता दोन-तीन तुळयांवर वाटलं जाईल.

आता मोजायचं कसं. मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप अंदाजाला ठीक, पण मागचा कॅमेरा वर आलेला असतो त्यामुळे मोबाईल स्वतःच तिरका बसतो. पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, घ्याच, पण आधी तिची परीक्षा: एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग तिथेच उलट तोंड करून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला आला तर जमीन वाकडी, पट्टीबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळच खोटी.

माझ्या मते या कामाला सगळ्यात भारी हत्यार म्हणजे गवंड्याची लेव्हल नळी, पाच-सात मीटर पारदर्शक पाइप आणि त्यात पाणी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून भरल्यावर दोन्ही तोंडं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघायचं, आणि जागा बदलताना दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून धरायची नाहीतर पाणी सांडतं आणि पहिल्यापासून सुरुवात. नळीचं एक टोक भिंतीला चिकटपट्टीने पक्कं करा आणि तिथे पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा. दुसरं टोक एका उभ्या पट्टीला धरून जिथे जिथे पाय येणार त्या चार जागांवर न्या, प्रत्येक जागी पहिल्या टोकातलं पाणी त्या खुणेवरच आहे ना हे बघून मगच जमिनीपासून पाणी किती उंच आहे ते लिहा. जिथे आकडा सगळ्यात कमी तिथे जमीन सगळ्यात उंच. बाकीचे पाय तिच्या पातळीला आणायचे, उंच जागा खाली न्यायच्या भानगडीत पडायचं नाही.

समजा गोल फिरत चार कोपऱ्यांचे आकडे आले ३०.०, ३०.४, ३०.९ आणि ३०.२ सेंटिमीटर. पहिल्या पायाखाली काही नाही, दुसऱ्याखाली ४ मिलिमीटर, तिसऱ्याखाली ९, चौथ्याखाली २. झालं, एवढंच माप. आणि यातला पीळ किती हे बघायचं असेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा. पहिला आणि तिसरा मिळून ६०.९, दुसरा आणि चौथा मिळून ६०.६. बेरजा सारख्या आल्या असत्या तर फरशीला नुसता उतार होता, स्टँड डुगडुगला नसता. इथे ३ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे काही न घालता स्टँड ठेवला असता तर एक पाय ३ मिलिमीटर हवेत राहिला असता. हा बेरजेचा हिशोब पाठ करून ठेवा, कपाट, वॉशिंग मशीन, देवघर, सगळीकडे चालतो.

फरशी मोजली, आता स्टँड मोजा, कारण पीळ फरशीतच असतो असं नाही. वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा किंवा चौकोनी पाइपचा स्टँड करून घेतला तर वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाते, घाईत एकाच बाजूने सगळे टाके मारले की हमखास. तपासायला दोन दोरे पुरतात. वरच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक दोरा ताणा, दुसऱ्या कर्णावर दुसरा. मधे जिथे दोघे एकमेकांवरून जातात तिथे ते नुसते टेकले पाहिजेत. वरचा दोरा खालच्याला दाबत असेल तर वरखाली बदलून परत बघा, आता मधे फट दिसेल. फट जेवढी, कोपरा तिच्या दुप्पट बाहेर, म्हणजे २ मिलिमीटर फट असेल तर एक कोपरा ४ मिलिमीटर चुकलाय. असा स्टँड घरी आणूच नका, दुकानातच दोरा लावा, वेल्डिंगवाला आधी हसेल, मग हातोडा घेऊन सरळ करून देईल. जाता जाता प्रत्येक पायाखाली ३ इंच बाय ३ इंच जाड प्लेट मारून घ्या. एका पायावर ९० किलोच्या आसपास येतात, ते नुसत्या अँगलच्या धारेवर आले तर टाइल खलास.

आणखी चांगलं म्हणजे पायाला बोल्टचे लेव्हलिंग बुश लावून घ्या. १२ मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट एका फेऱ्याला पावणेदोन मिलिमीटर वर-खाली होतो, म्हणजे पाव फेरा फिरवला तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. एवढं बारीक काम पाचर ठोकून कधी जमत नाही. फक्त वरून लॉक नट हवाच, आणि बोल्ट दीड-दोन इंचापेक्षा जास्त बाहेर काढू नका, पाय लचकतात.

बुश नसतील तर पायाखाली काय घालायचं? पेपर, पुठ्ठा, प्लायचा तुकडा नको, फरशी पुसताना पाणी लागतं, फुगतं, कुजतं, दबतं. मऊ रबरसुद्धा नको, लोकांना वाटतं रबर म्हणजे सुरक्षित, पण ते वजनाखाली हळूहळू चपटं होत जातं आणि चारही पायांखाली सारखं होत नाही. फुटलेल्या टाइलचा तुकडा तर अजिबात नको. बारीक फरकाला सनमायकाचे तुकडे बेस्ट, फर्निचरवाल्याकडे कातरणाचा ढीग पडलेला असतो, एक तुकडा साधारण १ मिलिमीटरचा, पाणी लागत नाही, दबत नाही. ५-६ मिलिमीटरच्या वर गेलं की थर रचत बसू नका, नायलॉनचा किंवा पीव्हीसीचा एकच जाड तुकडा कापून घ्या. तुकडा पायाच्या प्लेटएवढाच हवा, एका कडेला सारलेली पाचर म्हणजे परत धारेवरच वजन.

कपाटासारखा प्लायचा स्टँड असेल तर खेळ वेगळा. तिथे वजन चार पायांवर नाही, खालच्या पूर्ण कडेवर असतं, म्हणून नुसते कोपरे उचलून भागत नाही, मधली कड लोंबते. दर सहा-आठ इंचावर पॅकिंग घाला. आणि तळमजला असेल, भाड्याचं घर नसेल, टाकी कायमची तिथेच राहणार असेल, तर माझा सरळ सल्ला: विटांचा ओटा बांधून घ्या, वर ग्रॅनाइट. कडप्पा स्वस्त पडतो पण त्याची पाठ खालीवर असते. गवंडी मालात ग्रॅनाइट बसवताना ठोकून ठोकून लेव्हल काढतो, उतार-पीळ सगळं त्या मालातच जिरतं. आठ-दहा दिवस पाणी मारा, मग टाकी.

स्टँडवर टाकी ठेवायच्या आधी चौकट असेल तर वर चांगला वॉटरप्रूफ प्लाय, १८ मिलिमीटर, आणि त्यावर थर्मोकोल किंवा फोमची शीट. पण ही शीट कशासाठी आहे ते समजून घ्या, खडीचा एखादा बारीक दाणा तळाखाली राहिला तर काच त्या एका टोकावर बसू नये म्हणून. पीळ काढणं हे तिचं काम नाही. खालून प्लास्टिकची चौकट असलेल्या रेडीमेड टाक्यांना मात्र शीट घालायची नसते, त्यांचं वजन त्या चौकटीवरच यायला पाहिजे, तळाची काच अधांतरी असते आणि शीट तिला खालून दाबते.

भरताना घाई नको. आधी रिकामा स्टँड, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाबा, हलला तर थांबा. मग प्रत्येक पायाखाली एखादी लग्नपत्रिका सारून बघा, कुठेच शिरायला नको. टाकी ठेवली की दोन इंच पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांवर तळापासून पाण्याची उंची पट्टीने मोजा, पाण्याइतकी चांगली पाणसळ बाजारात मिळत नाही. काही कमी-जास्त असेल तर हीच शेवटची वेळ, पाणी काढा, पॅकिंग बदला. मग पाव, अर्धी, पाऊण असं थांबत थांबत भरा आणि प्रत्येक वेळी पाय आणि खालचे सांधे बघा. भरल्यावर निदान एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, मासे नंतर. भरलेल्या टाकीच्या पायाखाली पाचर ठोकणं, किंवा चौघांनी मिळून "जरा सरकवू" म्हणणं, हे दोन्ही बंद.

विजेचं थोडक्यात, कारण टाकी सुरक्षित म्हणजे नुसती काच सुरक्षित नाही. बोर्ड टाकीच्या मागे किंवा खाली नको, बाजूला आणि वर हवा. वायर बोर्डात जायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, आणि खरी अर्थिंग पाहिजे. आणि लाईट जाते तेव्हा हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीतून पाणी उलटं येऊन फरशीवर तळं होतं, म्हणून पंप वर टांगा किंवा नळीत वीस-तीस रुपयांचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा. कूलरसमोर टाकी नको, एक तर त्याचे शिंतोडे आणि वर कूलरची थरथर.

पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने चारही कोपरे परत मोजा, कारण एवढ्या वजनाखाली कच्चा भराव तेवढ्या वेळात बसतो. त्यानंतर वर्षातून दोनदा, मे अखेरीस जमीन पूर्ण आकसलेली असते तेव्हा आणि सप्टेंबरात ती फुगलेली असते तेव्हा. मेमध्ये पाणी तसंही भराभर उडतं, काठाखाली उतरलेली रेघ मोजायला सोपी पडते. दोन्ही वेळचे आकडे टाकीच्या मागच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा, समोरासमोरच्या बेरजांसकट. दोन बेरजांमधला फरक तेवढाच राहिला आणि नुसता उतार १ मिलिमीटर वाढला तर हात लावू नका. तो फरक बदलला तर मासे बादलीत, बादलीत हवेची नळी, टाकी पावपेक्षा खाली आणा, आणि मग ज्या पायाचा आकडा बदललाय तोच बोल्ट पाव पाव फेऱ्याने फिरवा. बुश नसतील तर टाकी पूर्ण रिकामी करून खाली उतरवा, आणि सनमायकाचा एक तुकडा वाढवून परत लग्नपत्रिकेपासून सुरू.